पुलावरचा धक्का

ओद्वार नोव्हेंबरपासून
घरी जाताना पूल तीनदा ओलांडतो.
एकदा घराकडे,
मग उलटा, बघायला,
की मघाशी चाकाखाली आलं ते बर्फाचं ढेकूळच होतं ना,
आणि पुन्हा घराकडे.

ट्रोम्सोत या दिवसांत सूर्य उगवत नाही.
बाराच्या सुमारास निळसर उजेड येतो,
उंबऱ्यावरूनच मागे फिरतो.
अशा उजेडात
रस्त्याकडेचं काळं पोतंसुद्धा हात हलवतं.

तो पावाच्या व्हॅनमधून टॉर्च घेऊन उतरतो,
टायरच्या खाचांत बोटं घालतो.
रक्त नसतं.
घरी गुनव्होरनं वाढलेलं सूप गार.
मग पोलिसांना फोन: पुलावर कुणी सापडलं का?
ते आता त्याला आवाजावरून ओळखतात.

सुनिवाच्या खोलीत एक किटली, एक चौकटींची वही.
"धक्का बसला, ही घटना.
माणूस चिरडला, हा विचार.
मधे किती अंतर आहे?"
अंतर कुठलं, बाई? एकाच श्वासात येतात दोन्ही.
"किती टक्के खरं वाटतं?"
"ऐंशी."
"पुरावा?"
"धक्का."
"आणि उलट बाजूनं?"
तो बराच वेळ पेन्सिलीचं टोक बघत राहतो.
मग लिहितो: एकवीस वर्षं. रोज. एकही नाही.
आता?
"पंचाहत्तर."
एवढं लिहून पाचच! दोघंही हसतात.

वैऱ्याला सुचणार नाही ते मनाला सुचतं,
आणि मन तर आपल्याच ताटात जेवतं.
त्याच्याशी भांडून होत नाही.

पुढच्या मंगळवारी ती शेजारच्या सीटवर.
पूल. धक्का.
"वळायचं नाही," ती म्हणते, "थांबायचं."
मासळीच्या दुकानामागे व्हॅन उभी.
भीती किती? नव्वद.
दहा मिनिटांनी? नव्वद.
काचेवर वाफ. थर्मासचं झाकण.
पंचविसाव्या मिनिटाला तो गुनव्होरच्या गुडघ्याबद्दल
बोलत असतो, आणि आकडा विचारल्यावर
दचकतो: पन्नास असेल.
कुणी मेलं नाही, हे काही सिद्ध झालं नाही.
माहीत नसताना
तो बसून राहिला, इतकंच.

गुरुवारी एकटा.
धक्का. हात आपोआप स्टिअरिंगवर वळले.
वहीत नोंद:
फिरलो. एकदाच. उतरलो नाही.
फोन नाही.
सूप कोमट होतं.