उजव्या बरगडीखाली

शाळेच्या स्वयंपाकघरात रोज सात किलो मसूर माझ्या हातून जातो.
तेमुकोत हिवाळाभर सकाळी दिवा लावूनच निवडावा लागतो.
खडा दिसला की बोट आपोआप तिकडे जातं,
ठेवू का काढू, असं कुणाला विचारत नाही.

स्वतःच्या खड्यांचं मात्र
मी अकरा महिने विचारत बसले.

पहिल्यांदा दुखलं ते दिराकडे कोकरू भाजलं होतं त्या रात्री.
दोन वाजता, न्हाणीघराच्या फरशीवर,
गुडघे पोटाशी.
नोल्बेर्तो म्हणाला, गॅस असेल.
गॅस हे आमच्या घरातलं सगळ्यात स्वस्त निदान.
त्यानं बोल्दोची पानं उकळून दिली, कडू,
पहाटे दुखणं आपलं आपण गेलं
आणि श्रेय पानांना मिळालं.

सोनोग्राफीच्या पडद्यावर काळी पिशवी,
तिच्यात तीन पांढरे,
मागे सावली टाकून ऐसपैस बसलेले.
"आत्ता शांत आहेत," डॉक्टर आरावेना बाई म्हणाल्या,
"शांत आहेत तोवर काढू."
शांत आहेत तर काढायचे कशाला?
त्यांनी कागदावरची माझी दोन्ही आडनावं वाचली,
बापाचं कायुपान, आईचं वेंचुलेओ,
आणि पेन खाली ठेवून विचारलं, आई कशानं गेली?

आई.
एक्कावन्नाव्या वर्षी, सफरचंदं उतरवायच्या दिवसांत,
आधी तिचे डोळे पिवळे झाले, मग नखं.
जिवंत कोंबडी न थरथरता कापणारी बाई
स्वतःचं पोट कुणाला दाखवायला लाजली.
दाखवलं तेव्हा त्यांनी उघडलं
आणि तसंच शिवून परत दिलं.

तरीही मी हो म्हटलं नाही.
जो तो खडान्खडा माहिती घेऊन यायचा.
जाऊ म्हणाली, जन्मभर तळलेलं बंद.
बेकरीवाला म्हणाला, देवानं उगाच का ठेवलीय आत.
मीही रात्री हात ठेवून बघायची तिथं,
भाडं थकवलेल्या पण सज्जन
भाडेकरूच्या दारावर ठेवावा तसा.

मग एका मंगळवारी तिसरीतला बास्तियान
तळहात पुढे करून खिडकीशी उभा राहिला.
तळहातावर एक खडा, एक दुधाचा दात, थोडं रक्त.
दात पडला म्हणून तो खुशीत होता.
खडा माझ्या मसुरातला होता.
गुरुवारी मी सही केली.

चार भोकं, प्रत्येकी नखाएवढी.
पोट फारसं दुखलं नाही, खांदा दुखला,
हे कुणीच सांगितलं नव्हतं.
नर्स म्हणाली, पोट फुगवायला भरतात ना, तो गॅस.
नोल्बेर्तो खुर्चीत ताठ झाला.
वीस वर्षांत पहिल्यांदा त्याचं निदान बरोबर आलं होतं.

महिनाभर उकडलेला बटाटा.
घर ते शाळा वाटेवर किती संडास आहेत आणि कुठला उघडा असतो,
हे मला अजून पाठ आहे.
जुलैत पावसाच्या संध्याकाळी
लाल भोपळ्याची सोपाइपिया खाल्ली, अर्धी,
दाराजवळची खुर्ची धरून.
काही झालं नाही.
उरलेल्या अर्धीनं मात्र पळवलं.

"आता पित्ताची पिशवीच नाही," नोल्बेर्तो म्हणाला,
"आता तरी चिडणार नाहीस."
त्यानं ओली लाकडं विकत आणली त्या दिवशी त्याला कळलं,
पित्त खवळायला पिशवी लागत नाही.

खडे बरणीत दिले होते. बटणांच्या डब्याशेजारी आहेत.
वाळून हलके झालेत,
बरणी हलवली तर लहान मुलाच्या खुळखुळ्यासारखे वाजतात.

काल योसेलिन जेवताना अर्ध्यातून उठली.
बाविशीची पोर. भिंतीला टेकून उभी.
काही नाही, म्हणाली, गॅस.
मी ताटं उचलली, नळ सोडला, पाठमोरीच राहिले
आणि एक खडा टाकून बघितला:
कुठं गं, इथं?
नळ बंद करून वळले
तेव्हा तिचा हात तिथंच होता,
आणि तिनं तो पटकन
स्वेटरच्या खिशात घातला.