रिकामी

सिव्हिल लाइन्सच्या थंडगार हॉलात
तीन दिवस बसवलं आमाले,
देवलापारच्या चार बायका, पवनीचा एक धाबेवाला
अन् जिप्सी चालवणारा माझा भाचा, जो सारखा पेंगत होता.
मॅडम म्हणल्या, धंदा टिकला पायजे.
म्या मनात म्हटलं, बाई,
मे महिन्यात इथं कपाळावर टिकली टिकत नाई.

जाताना एक वही दिली त्यायनं.
किती खोल्या भरल्या, रोज लिहा म्हणल्या.
घरी आली तं जुलै लागला होता.
गेट बंद. जंगल आपलं आपल्यात.
भरलेलं लिहाचं काय?
मंग मी रिकामं लिहाले लागली.
एक तारीख: दोन्ही रिकाम्या.
दोन तारीख: रिकाम्या.
अकरा दिवस तेच.
बाराव्या दिवशी वहीची शरम वाटली,
बाजूले लिहिलं: टाकी घासली, गाळ दीड बादली.

त्या बाजूच्या रकान्यानं मंग पिच्छाच पुरवला.
रिकाम्या खोलीत कूलर रातभर चालवून पायला.
तीन बादल्या पेला, अन् हा तं पावसाळा!
मे महिन्यात हा म्हशीच्या वर जाते,
अन् म्हैस निदान दूध देते.
उन्हाळ्यात पाहुण्यायच्या खाटा गच्चीवर टाकीन,
मच्छरदाणी लावून.

सुगरताकडं पुलाच्या कामावरचे सहा इंजिनिअर आले,
चादरी चारच.
माझ्याकडं चादरी होत्या, पाहुणे नोयते.
तिच्या बोर्डावरचा बाण माझ्या दारावरून वळते,
म्हणून दोन वर्षं आमी बोलत नोयतो.
चादरी घेऊन मीच गेली.
तिनं चहा केला. बाण तसाच आहे.
पण दोघी मिळून एक धुलाई मशीन घेऊन राहिलो,
तिच्याच घरी ठेवणार, तिचा नळ जोरात येते.

एक गोष्ट वहीत नाई लिहिली.
एप्रिलमंधी नवऱ्यानं एका पाहुण्याले
शंभर टक्के वाघ दाखवतो म्हटलं.
दोन फेऱ्या झाल्या, दिसला नाई.
त्यानं अर्धेच पैसे देल्ले,
अन् आमी मान खाली घालून घेतले.
वाघ काय आमच्या दावणीचा आहे?
आता पाहुण्याले मी सांगीन,
वाघाचं वाघाले इचारा.
भाकर माझी, वांग्याचं भरीत माझं,
अन् रात्री अंगणामागं रातवा ओरडते,
दिसणार नाई, पण ऐकवीन,
त्याची गॅरंटी.

तीस सप्टेंबर: दोन्ही रिकाम्या.
बाजूले: काईच नाई केलं.
अंधारात रातव्याची वाट पायत बसली.
ओरडला नाई.
उद्या गेट उघडते.
गॅरंटीचं वाक्य
बदलवा लागते.