एकच व्यक्ती

शिवाजीनगर कोर्टाबाहेर, छत्रीखालच्या टेबलामागून
टायपिस्ट विचारतो, "लग्नाआधीचं नाव?"
आई सांगते. तो मान वर करतो.
"मृणाल? पुरुषाचं वाटतं."

तिला सवय आहे.
नोकरीचं पहिलं पत्रही श्रीयुतांनाच आलं होतं.

आजोबा संस्कृत शिकवायचे.
मृणाल म्हणजे कमळाचा देठ. फूल नव्हे.
पाण्याखालचा, आतून पोकळ,
मोडला तरी ज्याचा तंतू तुटत नाही.

सासरी म्हणाले, देठ कसला ठेवायचा नावात?
ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहिलं: पद्मजा.
त्या तांदळांचा दुसऱ्या दिवशी भात झाला.
सगळ्यांनी जेवला. तिनेही.

आता आजोबांच्या ठेवीसाठी बँकेला हवंय
पाचशेच्या स्टॅम्पवर:
"मृणाल यशवंत टिल्लू व पद्मजा अरविंद खांबेटे
ही एकच व्यक्ती असून..."

"बरोबर ना, मावशी? इथे सही."
कुठली, ते तो सांगत नाही.
पेन हातात धरून आई वाचत राहते.
मागचा माणूस घसा खाकरतो.

परतताना मंडईत गौरींसाठी कमळं.
फुलवालीची कात्री सवयीने खाली सरकते.
"अहो, थांबा," आई जवळजवळ ओरडतेच,
"देठ राहू द्या."