काच

पहाटे पाचला मी डबी शेगडीपाशी ठेवतो.
थंडीत लोकरीची चरबी गोठून दगड होते,
आणि घाईने चोळली तर तीच कातडं सोलते.
आमच्या मेंढ्यांची लोकर दर जूनला
कवडीमोलानं जाते,
आणि तिच्यातून निघणारं हे पिवळं मेण
गॉलवेच्या औषधाच्या दुकानातून
मी अकरा युरोला एक डबी असं विकत आणतो.
हसायचं तर हसा. सोरखा हसतेच.

ती उभी राहते, दोन्ही हात वर,
कातरायला आणलेली मेंढी
कधीच राहत नाही अशी शांत.
काखेची कड. पट्ट्याखालची रेघ.
पाठीवर शिवण बसते ती जागा, दोनदा.
मांड्यांच्या आतलं ती स्वतःच करते,
म्हणते, एकोणतीस वर्षं झाली तरी
थोडी लाज शिल्लक ठेवावी घरात.

हातात रबरी मोजा.
पहिल्या वर्षी नव्हता, आणि त्याच बोटांनी
मी तिला पोहायचा चष्मा दिला.
लख्ख उन्हात ती
स्पिडलपासून बार्नापर्यंत
धुक्यातून पोहली, आणि घरी येईपर्यंत
माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

डेरवला शिकवते तिला. डेरवलाचं म्हणणं:
नवा पोशाख लांब पल्ल्याला नको,
लेबल कापा, कापलेलं टोकही उसवून काढा,
मुंगीएवढी गाठ तिसऱ्या तासाला
करवत होते.
मी हे सगळं ऐकतो. मला स्वतःला
गुडघ्यापलीकडे पाणी माहीत नाही.

तरी मार्चमध्ये मानेला काचलंच.
जखमेवर मीठ चोळणं
ही मला म्हण वाटायची.
न्हाणीच्या दाराबाहेर टॉवेल धरून उभा होतो,
आतून कोमट पाण्याचा आवाज आला,
मग तिचा.
त्या दिवसापासून ती म्हण मी वापरत नाही.

रात्री दिव्याखाली मान बघितली.
डाव्या बाजूला, कानाखाली,
शिलाईच्या दोऱ्याएवढा लाल चट्टा.
उजवीकडे काही नाही, नितळ.
मेंढीचा एकच खूर झिजलेला दिसला
की ती कुठल्या बाजूला झुकून चालते ते कळतं.
म्हटलं, तू श्वास फक्त डावीकडे घेतेस.
नाही म्हणाली. मग हो म्हणाली.
मग बराच वेळ चहा ढवळत बसली.

पूर्वेकडे पोहताना किनारा डावीकडे असतो.
किनाऱ्यालगत रस्ता, रस्त्यावर माझी व्हॅन,
दर मैलाला थांबणारी.
आणि व्हॅनपाशी, वाऱ्यात,
थर्मास घेऊन उभा असलेला एक ठिपका.
“तू उभा आहेस की बसलास ते बघते,” म्हणाली.
“बसलास की समजते, गुडघा दुखतोय.”

म्हणजे तीन तास, हजारो वेळा,
हनुवटी खांद्यावर घासत
ती मला बघत होती,
आणि मी डबीवर डबी रिकामी करत होतो.

अशा काचावर दुकानात औषध नाही.
डेरवलाला विचारलं, तर ती सरळ म्हणाली,
दोन्हीकडे श्वास घ्यायला लाव,
किंवा दुसऱ्या बाजूलाही काहीतरी ठेव बघायला.

रविवारी मी शेजारच्या फेस्टीची होडी मागून घेतली.
त्यानं माझ्याकडे बघितलं, मग समुद्राकडे,
आणि जीवरक्षक जाकिटाचे बंद स्वतः आवळले.
जाकीट गळ्याला काचत होतं. बोललो नाही.

पहिला अर्धा तास मी फक्त तळव्यांकडे बघत होतो,
वल्ह्यानं तिथे दोन फोड आणले होते.
तळव्यांना चरबी लावायचं
आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

मग पाण्यातून तिचं तोंड वर आलं,
उजवीकडे, माझ्याकडे,
एक घोट हवा, आणि गेलं.
तीन हात. डावीकडे, रिकामा रस्ता.
तीन हात. पुन्हा मी.

बार्नाच्या धक्क्यावर कोरड्या टॉवेलनं
मी तिची मान टिपली,
आणि तिनं माझे तळवे उलटून बघितले,
डबीत बोट घातलं, हातमोजा न घालता.