एफ बारा

निहार पुण्याला शिकायला गेला
आणि माझं निमित्त गेलं.

इतकी वर्षं बरं चाललं होतं.
‘भाच्याला दाखवायला नेते’ म्हणायचं,
त्याच्या मांडीवर पॉपकॉर्नचा मोठा डबा द्यायचा
आणि अंधारात आपण पुढे सरकून बसायचं.
आठवीत तो म्हणाला, मावशी, आता मारामारीचे बघू.
तरी दोन वर्षं ओढत नेला,
समोशांच्या लाचेवर.

आता काउंटरवरचा पोरगा काचेआडून विचारतो,
एक मोठं, आणि मुलं किती?
मुलं नाहीत. एकच. मी.
तो पुन्हा विचारत नाही.
माझ्यामागे कॉलेज रोडच्या उन्हात
वाढदिवसाच्या टोप्या घातलेली रांग वळवळत असते
आणि नाशिक एवढंसं,
रांगेत हमखास कुणाची तरी सून भेटते.
अय्या, तुम्ही? कुणाला घेऊन आलात?

शनिवारी आमच्या कंपनीला सुट्टी.
बाकीचे सहा दिवस सातपूरला, गेज रूममध्ये,
वीस अंशांवर, स्वेटर घालून
मी माणसांच्या चुका मायक्रॉनमध्ये मोजते.
लाल खडूची फुली. हा परत. हाही.
बोरस्ते म्हणतात, गायधनी मॅडमच्या हातून
देवाची मूर्तीसुद्धा पास व्हायची नाही.

त्यांना कसं सांगू
की पडद्यावर तो कोल्हा शिंकतो
तेव्हा त्याच्या मिशीवरचा थेंब
आपोआप आलेला नसतो.
कुणीतरी रात्र रात्र बसून ठरवलेलं असतं
किती गोल, किती वेळ लोंबेल, कुठे फुटेल.
इथे पान हललं तरी कुणाची तरी सही असते.
पंचवीस वर्षं तपासणी केली,
एवढी काळजी घेतलेला एकही सुटा भाग
माझ्या टेबलावर आला नाही.

आणि आई.
या गोष्टींत आई पहिल्या दहा मिनिटांत जाते.
मुलं चघळत राहतात.
रडतो आम्ही, चष्म्यावर चष्मा चढवून,
आणि बाहेर येऊन म्हणतो, एसी फार होता.

त्या शनिवारी कोल्हाच होता, माझा दुसऱ्यांदा.
एफ अकरा मी. बारा रिकामी.
तेरावर पुढचे दोन दात पडलेला एक इसम,
त्याची आई पलीकडे, फोनमध्ये.
त्यानं मला नीट बघून घेतलं.
‘तुझं बाळ कुठंय?’

मायक्रॉनची बाई मी.
म्हणाले, ‘पॉपकॉर्न आणायला गेलंय.’

तो गंभीर झाला.
आपली पाण्याची बाटली त्यानं
बारावर आडवी ठेवली.
कुणी अंधारात चाचपडत वर आलं की
तळवा दाखवायचा, ‘हितं माणूस आहे.’
मध्यंतरातही उठेना. शू दाबून पहारा.
चेटकीण आली तेव्हा त्यानं माझी बाही पकडली,
डोळे घट्ट मिटले,
दुसरा हात बाटलीवर.

नावं संपेपर्यंत मी उठत नाही.
मुंगीएवढी शेकडो नावं,
शेपटीच्या केसांना दोघं, धुक्याला चौघं.
तेवढ्यात आईनं त्याला बखोटीला धरून नेलं.
दारातून ओरडला, ‘आलं का गं?’
मी म्हटलं, येईल.

बाटली राहिली.
धावले, जिन्यापर्यंत, पार्किंगपर्यंत,
मग बसमधूनही, एबीबी सर्कल येईतो,
प्रत्येक स्कूटरच्या मागच्या सीटकडे बघत.
चिकटपट्टीवर पेनानं लिहिलेलं:
वेदांग कापडणीस, पहिली ब.
शाळेचं नाव पाण्यानं गेलेलं.

सोमवारी ती गेज रूमच्या टेबलावर.
झाकण गळतं. आट्यांमध्ये फट आहे,
मोजली मी,
बसते त्यापेक्षा चाळीस मायक्रॉन जास्त.
बोरस्ते खडू पुढे करून म्हणाले, मॅडम, ही तर परत.

मी बाटलीखाली रुमाल
घडी करून ठेवला.