सोळा की दोनशे

नवी पेठेत गुर्रमअण्णांच्या दुकानी
काचेवर निळी मखमल, मखमलीवर दोन लेन्सा.
एक बुटकी, फुगीर डोळ्याची, सोळा मिलिमीटर.
दुसरी लांबोडकी, थर्मासएवढी, सत्तर ते दोनशे.
"लँडस्केप म्हणतीस न्हवं, मग रुंदच घे की," अण्णा म्हणाले,
"सगळं जग हीच घेतंय."
मोबाइलवर कुणाचे तरी फोटो दाखवले:
पुढं दगड, मधे दरी, मागं ढग.
मी म्हटलं, अण्णा, आपल्याकडं दरी कुठंय?
हसले. रविवारपुरत्या दोन्ही दिल्या
आणि माझ्या स्कूटीची कागदं ठेवून घेतली.

नान्नजच्या अलीकडं डांबरी सोडली.
सोळा लावली.
आभाळ इतकं आलं की ठेवायला जागा नाही,
जमीन खाली बोटभर,
चादरीच्या काठासारखी.
ऑफिसच्या गच्चीवरून मला रोज खुणावणारी टेकडी
मुंगीनं उकरलेली माती झाली,
बाभळ म्हणजे काडेपेटीतली काडी,
आणि कोपऱ्यात माझ्याच चपलेचा अंगठा.

पुढ्यात काहीतरी हवं, असं शिकवतात.
पुढ्यात होत्या शेळ्यांच्या लेंड्या,
पाण्याची चेपलेली बाटली, वाळलं कुसळी गवत.
गुडघ्यावर बसले, मग पोटावर पडले,
एका कुसळाचा डोंगर करून बघितला.
छान आला.
कुठल्याही माळावर आला असता तितका छान.

नायना एकतीस वर्षं जेकार्डवर होते.
खिशात घडीचं पितळी भिंग.
कापडावर ठेवायचे, वाकायचे,
इंचात धागे किती ते मोजायचे
ओठ हलवत, तेलुगूत.
एवढ्याशा चौकटीत चादर कशी कळते, मी विचारायचे.
"चादर कुणालाबी दिसती.
तुटका धागा हितंच घावतो."
हे मला माळावर आठवलं, असं लिहिणार नाही.
माळावर मला तहान लागली होती
आणि ऊन डोळ्यांत होतं.
आठवलं घरी, रात्री, भांडी घासताना.

साडेचारला लांबोडकी चढवली.
हात हलेल तेवढा माळ हलतो.
मधे उन्हाची वाफ,
ज्वारी उतू जायच्या बेतातल्या दुधासारखी.
थांबले. तिपाईला पाण्याची पिशवी टांगली.
ऊन कललं, वाफ बसली,
आणि बांध ज्वारीच्या अंगावर आला,
ज्वारी रस्त्यावर, रस्ता विजेच्या तारांवर,
तारांवर टेकडी,
चाटी गल्लीत घडीवर घडी रचतात तसं
सगळं जवळ जवळ, दबून, उबदार.
एफ अकरा. श्वास धरला.

"ए बाय, त्यातनं किती लांबचं दिसतंय?"
मागं म्हाळसाबाई, हातात काठी, चौदा शेळ्या.
"पंधरावी न्हाई. एका शिंगाची. दुपारधरनं."
मी बाजूला झाले.
तिचा डावा डोळा मिटेना, तळव्यानं झाकला.
मी तिपाईची मूठ सैल केली
आणि ती माळावरून सावकाश फिरत गेली,
बांध न बांध, झुडूप न झुडूप.
माझ्याच्यानं इतकं नीट कधी बघून झालं नव्हतं.
"थांब. थांब! ती बघ, मेली!
कॅनॉलच्या पल्याड, जाधवाच्या हरभऱ्यात!"
आणि पळाली, शिव्या देत, बारीक बारीक होत.

मी डोळा लावला तेव्हा ती चौकटीत होती,
एका हातात चप्पल,
टेकडी खांद्याला टेकलेली,
शेळी अजून खातच.
बटण दाबायचं राहिलं. हसत होते.
मग उजेड गेला.

सोमवारी अण्णा म्हणाले, "मग? रुंदच ना?"
मी लांबोडकी पुढं सरकवली.
"ही? लँडस्केपला?"
"हप्ता किती पडेल ते सांगा."
त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला, चष्मा वर केला.
लेन्सच्या कड्यात एक कुसळ अडकलं होतं.
फुंकर मारली दोनदा.
निघालं नाही.