आणखी काही?

स्टॉक्टनला जानेवारीत धुकं असं बसतं
की रस्त्यापलीकडचा पेट्रोलपंप नुसता पिवळट डाग होतो.
त्या डागातून गिऱ्हाइकं यायची, पहाटे साडेचारपासून:
लोडीला द्राक्षवेली छाटायला निघालेले,
रात्रपाळी संपवून डोळे चोळत आलेल्या नर्सेस.
रविवारी चर्च सुटलं की दारापासून पार लाँड्रीपर्यंत रांग.
दुकान नावाजलेलं आमचं. लोक म्हणायचे, डोनट एक नंबर,
फक्त ती काउंटरवरची बाई कधी हसत नाही.

ती बाई म्हणजे माझी आई.

तिला आकडे यायचे इंग्रजीतले, ग्लेझ्ड, जेली,
आणि सॉरी.
बाकी सगळं इंग्रजी म्हणजे मी,
वय वर्षं नऊ, दुधाच्या क्रेटवर उभी,
बगलेत गणिताची वही, वहीवर तेलाचे डाग.

मिस्टर हॅलोरन गुलाबी खोका आपटून म्हणाले,
हे कालचे आहेत, मूर्ख समजता का आम्हाला?
मी आईला ख्मेरमध्ये सांगितलं,
काका विचारतायत, कधी तळले.
आई म्हणाली, सांग त्याला, रात्री दोनला तुझा बाप
कढईपुढे उभा होता तेव्हा हा घोरत होता.
मी म्हटलं, माफ करा सर, बदलून देते.

असा धंदा.
बाबा आत डोनटवर पाक चढवायचे,
मी बाहेर, बोलण्यावर. दोन्ही बाजूंनी.

'तुमच्या देशात चालत असेल हे' असं एकजण म्हणाला,
त्याचं मी केलं,
'त्यांना दालचिनी जरा कमी हवी.'
आईने खरंच महिनाभर दालचिनी कमी घातली.
मग मिसेस ओकाफोर म्हणाल्या, अगं, दालचिनी लागतच नाही हल्ली.
ती तक्रार मात्र मी जशीच्या तशी पोचवली.

आणि एकदा, धुक्यातच,
टो-ट्रकवाला आला. शर्टावर नाव शिवलेलं, टेरेल.
हायवेवर एकात एक घुसलेल्या गाड्या
रात्रभर ओढत होता म्हणे.
एक साधा डोनट, काळी कॉफी.
सुट्टे पैसे घेताना तो आईकडे बघत राहिला, मग म्हणाला,
फार दमलेल्या दिसताय, मॅडम.
तुमची काळजी घेणारं आहे ना कुणी?

टोमणे मी झोपेतही फिरवले असते.
हे कसं फिरवायचं ते येईना.
पाक लावायला जागाच नव्हती कुठे.
म्हणून होतं तसंच सांगून टाकलं.

आईचा चिमटा हवेतच थांबला.
तिने ॲप्रनला हात पुसले, आधी एक, मग दुसरा,
केसांचं जाळं नीट केलं,
आणि म्हणाली,
विचार त्याला, भात खाल्ला का.

आमच्यात माणूस भेटला की हेच विचारतात.
पण पहाटेचे पाच वाजलेले, मागे काचेत
छत्तीस प्रकारचे गोड पदार्थ,
आणि हिला भात आठवतो!
माझे कान तापले. मी त्याला विचारलं,
आणखी काही?

तो म्हणाला, नको, बस.
बरणीत एक डॉलर टाकला
आणि पिवळ्या डागात विरून गेला.
ट्रकचं पिंवऽ पिंवऽ जरा वेळ येत राहिलं.

काय म्हणाला, आईने विचारलं.
खाल्ला म्हणाला, मी म्हटलं.

आई हसली.
चांगली दात दिसतील इतकी हसली, चिमटा हातात धरून.
दुकानात तेव्हा गिऱ्हाईक एकही नव्हतं.